लाय बुटात गेली आणि पोरगा वीस मिनिटं काम करत राहिला

सायीचा_हिशोब (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. शेवटी काल रात्रपाळीत झोप येईना म्हणून लिहायला घेतलं. मी एका डेअरीत शिफ्ट इन्चार्ज आहे. पश्चिम महाराष्ट्रात, यापेक्षा जास्त पत्ता विचारू नका.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. दूध तापवायची मशिनं, पाइप, टाक्या रोज आतून धुवाव्या लागतात. खोलून नाही, जागच्या जागी. त्याला आम्ही सीआयपी म्हणतो. आधी साधं पाणी, मग दीड-दोन टक्के कॉस्टिक सोडा घातलेलं ७५-८० अंशांचं पाणी, पुन्हा साधं पाणी, मग एखाद टक्का नायट्रिक ॲसिड ६०-६५ अंशांवर, आणि शेवटी परत पाणी. कॉस्टिक स्निग्धांश आणि करपलेली प्रथिनं सोडवतं, ॲसिड प्लेटांवर बसलेला क्षारांचा पांढरा थर काढतं. कॉस्टिकला आमच्याकडे सगळे 'लाय' म्हणतात.

ही लाय आमच्याकडे ४८ टक्क्यांची येते, पन्नास लिटरच्या कॅनमधून. ती डोसिंग पंपाने ओढून टाकीत जायला पाहिजे. पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून तीन आठवडे झाले होते. पार्ट मागवलाय, एवढंच उत्तर मिळायचं. तोपर्यंत काय? तोपर्यंत हाताने, बादलीने. कॅन तिरका करायचा, बादलीत ओतायचं, शिडीवर चढून टाकीत रिकामं करायचं.

पावणेतीनच्या सुमारास ठेकेदाराचा एक पोरगा, तेवीस वर्षांचा, हे काम करत होता. बादली हिंदकळली आणि लाय मांडीवरून खाली ओघळली. पॅन्ट बुटात खोचलेली. त्याला वाटलं पाणीच आहे. सीआयपी रूममध्ये माणूस असाही डोक्यापासून पायापर्यंत ओला असतो. त्याने उरलेल्या दोन बादल्या टाकल्या, टाकीचं झाकण लावलं, वॉल्व्ह फिरवले. वीसेक मिनिटांनी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, बुटात पाय बुळबुळतोय."

बूट काढला. मोजा काढायला गेलो तर मोज्याबरोबर कातडी आली. घोट्याच्या खाली भिजलेल्या साबणवडीसारखं झालं होतं, पांढरट आणि मऊ. आणि तो माझ्याकडे बघत विचारतोय, "फार लागलंय का?" त्याला तोपर्यंत फार दुखतही नव्हतं.

पुढचं लिहायला लाज वाटते. एक जण कँटीनमध्ये लिंबं आणायला पळाला. मी त्याचा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नंबर शोधत बसलो, कारण नंबराशिवाय पाठवलं तर गेल्या वेळी मलाच ऐकून घ्यावं लागलं होतं. पाय नळाखाली धरला तो फार तर पाच मिनिटं. मग मोटरसायकलवर मध्ये बसवून चौदा किलोमीटर. दवाखान्यातल्या नर्सने पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ धुतलं?" आणि मी गप्प.

घोट्याला मांडीची कातडी लावावी लागली. अपघाताच्या रिपोर्टमध्ये वरून एक ओळ आली: 'कामगारास सुरक्षा साधने दिली होती.' खरं आहे. गमबूट दिला होता. त्या गमबुटातच लाय साठली.

विचारायचं आहे ते असं: तुमच्याकडे काय करतात? आणि आम्ही त्या वीस मिनिटांत, पुढच्या पाचात, नेमकं काय चुकलो?


तात्या_पंप

वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे आइस्क्रीम प्लांटला असंच एकाच्या हातावर आलं होतं. तेव्हा लिंबू चोळलं होतं. ॲसिड आणि अल्कली (म्हणजे कॉस्टिकसारखं) एकमेकांना मारतात ना? शाळेत तेच शिकलो. मग लिंबात चूक काय?


डॉ_अवेळी

तात्या, शाळेत काचेच्या नळीत शिकलात, कातडीवर नाही. दोन कारणं सांगतो. ॲसिड आणि अल्कली एकत्र आले की उष्णता तयार होते, म्हणजे भाजलेल्यावर पुन्हा भाजणं. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: लिंबं शोधा, कापा, पिळा, यात जी चार मिनिटं जातात ती पाण्याची असतात. लिंबू नको, व्हिनेगर नको, ताक नको. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ यातलंही काही नको. पाणी. वाहतं. भरपूर.

धागाकर्त्यांनी 'बुळबुळतोय' हा शब्द लिहिला तिथे मी थांबलो. कॉस्टिक हाताला साबणासारखं लागतं ते कॉस्टिक गुळगुळीत असतं म्हणून नव्हे. आपल्या कातडीतल्या चरबीचा त्या वेळी साबण होत असतो. कपड्याचा साबण करतात तीच प्रक्रिया. ॲसिडने भाजतं तेव्हा वरचा थर गोठल्यासारखा कडक होतो आणि पुष्कळदा तोच थर ॲसिडला आणखी आत जाऊ देत नाही. अल्कली उलट करते, ती पेशी विरघळवत, वाट करत खाली जाते. म्हणून ॲसिडवाला लगेच ओरडतो आणि अल्कलीवाला तुमच्या पोरासारखा झाकण लावून, वॉल्व्ह फिरवून मग येतो. दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असं कॉस्टिकच्या बाबतीत धरायचंच नाही.

करायचं असं. कपडे, मोजे, बूट, घड्याळ, करदोरासुद्धा, सगळं काढायचं, आणि ते पाणी चालू ठेवूनच काढायचं. आधी कपडे मग पाणी असा क्रम लावत बसायचं नाही. लाजेपोटी अंतर्वस्त्रं ठेवलेले आणि नेमकं तिथेच भाजलेले रुग्ण मी पाहिलेत. निदान अर्धा तास धुवायचं, बुळबुळ गेली तरी पुढे चालू ठेवायचं. प्लांटमध्ये पीएच पट्टी असतेच, ती ओल्या कातडीला लावून बघा. कॉस्टिक फ्लेक्स किंवा पूड असेल तर आधी कोरडीच झटकून टाका, मग पाण्याचा लोट. चार थेंब पाणी मारलंत तर ती कातडीवरच तापते.

डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून अर्धा तास पाणी, वरची पापणी उलटवून तिच्या खालीसुद्धा. माणूस डोळा उघडणार नाही, दोघांनी धरावा लागतो. डोळ्याच्या बाबतीत दवाखान्याचं अंतर मोजू नका, आधी धुवा. फोन दुसऱ्याने करायचा, १०८ ला.

आणि धागाकर्ते, ईएसआय नंबराचं मनाला लावून घेऊ नका असं म्हणणार होतो. पण नाही म्हणत. ते तुमच्या ऑफिसने लावून घ्यायला हवं.


गाळपहंगाम

आमच्याकडं साखर कारखान्यात याची जत्रा असते. इव्हॅपोरेटरच्या बॉड्यांच्या नळ्यांत रस आटून आटून थर धरतो. ठराविक दिवसांनी गाळप थांबवून कॉस्टिकचं पाणी आत उकळत ठेवायचं, मग ओतून द्यायचं, मग नळ्या ब्रशनं घासायच्या. काही ठिकाणी हायड्रोक्लोरिकपण वापरतात. कॉस्टिक फ्लेक्सची पन्नास किलोची पोती असतात. पोतं फाडून टाकीत उलटं करताना जे उडतं ते उडतं.

आमचा जुना फोरमन नवीन पोराला पहिल्या दिवशी एक प्रयोग दाखवायचा. प्लास्टिकच्या मगात पाणी घ्यायचा, वरनं मूठभर फ्लेक्स टाकायचा, आणि म्हणायचा बाहेरनं हात लाव. तो मग असला तापायचा की पोरगं हात मागं घ्यायचं. मग सांगायचा, हे पाण्यात कॉस्टिक घातलंय. आता विचार कर, तळाशी कॉस्टिक आणि वरनं पाणी ओतलंस तर काय होईल. उकळी फुटून थेट तोंडावर. ते पोरगं परत कधी क्रम चुकायचं नाही. पोस्टर लावून जे झालं नसतं ते त्या मगानं व्हायचं.

आणि कळीचा चुना! रस निवळायला चुन्याचं दूध लागतं. कळी भिजवताना जो भडका उठतो तो ज्यानं घराला चुना मारायला पिंपात कळी टाकलीय त्याला सांगायला नको. चुनाभट्टीवर एकाचा डोळा गेलेला मी बघितलाय.

अवांतर: तंबाखूच्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूबा लहान पोरांच्या हातात देऊ नका रे. पोरगं दाबतं आणि पिचकारी डोळ्यात. हे कारखान्यापेक्षा घरात जास्त होतं.


डॉ_अवेळी

अवांतराला जोरदार +१. चुन्याचे कण पापणीखाली अडकून बसतात आणि अल्कली सोडत राहतात. धुताना ते ओल्या कापसाने काढावेच लागतात, नुसत्या पाण्याने भागत नाही.


कारखानदार_साधा

मी स्वतः लोणची-मसाल्याचा प्लांट चालवतो, ऐंशी माणसं आहेत. सगळं मालकावर ढकलायची पद्धत झाली आहे म्हणून लिहितो. मी गॉगल दिले, हातमोजे दिले, एप्रन दिले. पंधरा दिवसांनी बघितलं तर गॉगल कपाळावर. सांगून सांगून तोंड दुखलं. माणसाने स्वतःची काळजी घ्यायचीच नाही आणि मग आम्ही दोषी, हे कुठवर?


सेफ्टीतून_निवृत्त

साधे साहेब, तुमचे गॉगल कपाळावर का जातात ते कधी विचारलंत का? ८० अंशांची वाफ भरलेल्या खोलीत साधा गॉगल अर्ध्या मिनिटात धुरकट होतो. शिडीवर उभ्या माणसाला पायरी दिसेना, तो काय करणार? वाफ न धरणारी काच आणि आडोशाची हवेची भोकं असलेले गॉगल मिळतात, वर चेहऱ्याची ढाल लावता येते. थोडे महाग पडतात. मी तीस वर्षं हीच नोकरी केली. साधन दिलं की नाही याची सही असलेलं रजिस्टर प्रत्येक कारखान्यात पाहिलं, ते घालून काम होतं का याचं रजिस्टर एकाही नाही.

आता धागाकर्त्यांच्या गमबुटाकडे येतो, कारण यातलं खरं दुखणं तेच आहे. पॅन्ट बुटात खोचायची सवय शेतातून येते, चिखल आत जाऊ नये म्हणून. चिखल खालून येतो. केमिकल वरून येतं. केमिकलच्या कामात पॅन्ट बुटाच्या बाहेर, आणि एप्रन बुटाच्या तोंडाच्या खालपर्यंत लांब. म्हणजे सांडलेलं बाहेरून खाली जातं. खोचलेली पॅन्ट म्हणजे नरसाळं आणि बूट म्हणजे बाटली. हातमोज्याचंही तसंच: हात वर करून काम असेल तर मोज्याची कड बाहेर दुमडा, नाहीतर ओघळ कोपरापर्यंत येतो.

पण हे सगळं नंतरचं. पंप तीन आठवडे बंद होता, तिथेच अपघात होऊन गेला होता. ४८ टक्के लाय बादलीने शिडीवर चढवणं हे काम कुठल्याही बुटात करण्यासारखं नाही. पंप बंद तर साधा ड्रम पंप लावा, हाताने फिरवायचाही चालतो. तोही नसेल तर त्या दिवशी सीआयपी थांबवा. दूध थांबत नाही हे मला माहीत आहे, सांगायला येऊ नका.

शेवटचं: सीआयपी चालू असताना पाइपाच्या जोडाला, म्हणजे युनियनला, सी-स्पॅनर लावून 'जरा गळतंय, आवळतो' म्हणणारे प्रत्येक डेअरीत असतात. आवळताना गॅस्केट सरकतं आणि ८० अंशांची लाय दाबाने तोंडावर येते. आधी पंप बंद, मग प्रेशर शून्य, मग स्पॅनर.


निफाडची_थंडी

कॅन आणि पाइपवरून आठवलं. मी वायनरीत आहे, आम्हीही टाक्या कॉस्टिकने धुतो. पहिल्या हिवाळ्यात कॅनमधून लाय येईना. आम्हाला वाटलं नळी तुंबली. एकाने नळी काढून तोंडाजवळ धरून आत डोकावून बघितलं. नशिबाने काही झालं नाही. नंतर पुरवठादाराने सांगितलं, ५० टक्क्यांच्या आसपासची लाय १२ अंशांच्या सुमाराला घट्ट व्हायला लागते. निफाडात जानेवारीत पहाटे तापमान एक आकडी असतं! आता कॅन आत ठेवतो. गोठलेल्या नळीला ठोकू नका, तापवून दाबही देऊ नका. गाठ सुटते तेव्हा पिचकारी सुटते.


तात्या_पंप

आणखी एक. आमच्या जुन्या डेअरीत कॉस्टिक ढवळायला ॲल्युमिनियमची जुनी दुधाची कॅन वापरायचे. फेस यायचा, आम्ही म्हणायचो काय मस्त धुतंय. तो हायड्रोजन होता हे दहा वर्षांनी कळलं. शेजारीच वेल्डिंग चालायचं!


एसएस_वेल्डर

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे तर हे वाचा, कारण हे डेअरीवाल्यांनाही माहीत नसतं. स्टीलच्या पाइपाचा जोड मारला की काळा डाग येतो. तो काढायला पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. मी दोन वर्षं ती पेस्ट साध्या ब्रशने, उघड्या बोटांनी लावली. एकदा नखापाशी थोडी राहिली. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री अकराला बोट असं ठणकायला लागलं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. वरून लाल डागसुद्धा नव्हता. डॉक्टरला सांगितलं 'ॲसिड लागलंय', त्याने मलम दिलं. दुसऱ्या डॉक्टरने डब्यावरचं नाव विचारलं तेव्हा उलगडलं.


डॉ_अवेळी

हे सर्वांनी दोनदा वाचा. मी वर 'पाणी, पाणी' केलं, पण हायड्रोफ्लोरिकमध्ये पाणी ही फक्त सुरुवात. ते आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम पकडतं. मोठ्या भागावर लागलं तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं आणि ते जिथे पेस्ट वापरतात तिथेच ठेवायला हवं. म्हणून दवाखान्यात जाताना डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या. 'ॲसिड' किंवा 'केमिकल' या शब्दांवरून आम्हाला काहीच कळत नाही.


कोकणकन्या_७७

तुम्ही सगळे टाकी-पंपवाले. आमच्या सिंधुदुर्गात हा अपघात रोजचा आहे आणि त्याला कोणी अपघात म्हणत नाही. काजू.

काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. माझी आई बावीस वर्षं काजू फोडायला जात होती. तिच्या हाताची बोटं काळी, टोकांची कातडी सोललेली, अंगठ्याचा ठसा उमटायचा नाही. रेशनच्या मशीनवर चार-चार वेळा अंगठा लावायची आणि मागची माणसं चुळबुळ करायची. हातमोजे दिलेले होते. पण मोज्यात गर हाताला लागत नाही, तुटतो, आणि मजुरी किलोवर. अख्ख्या गराचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा. म्हणून बायका हाताला राख आणि खोबरेल लावतात. तुमच्यासारखं धुवायला तिथे काही नाही, कारण तेल पाण्याने निघत नाही. आता वाफेवर शिजवून यंत्राने कापायला लागले आहेत तिथे त्रास कमी आहे, पण नाही असं नाही.

घरी ओल्या काजूची उसळ करायची म्हणून हौसेने बी सोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दोन दिवसांनी बोटं दाखवत फिरताना पाहिलंय. आई हसायची. म्हणायची, "एका दिवसाचां इतक्यां?"


सायीचा_हिशोब (धागाकर्ता)

कोकणकन्या, काय बोलू.

बाकी सगळ्यांचं टिपून घेतलंय. एक विचारायचं राहिलं: तो ठेकेदाराचा माणूस. ऑफिस म्हणतं त्याचं ठेकेदाराने बघायचं. ठेकेदार म्हणतो घटना तुमच्या आवारात झाली.


युनियनचा_चहा

हा पिंगपाँगचा खेळ जुना आहे. ईएसआयच्या कायद्यात ठेकेदाराच्या माणसाची वर्गणीसुद्धा आधी मूळ मालकानेच भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, असं लिहिलेलं आहे. म्हणजे 'आमचा माणूस नाही' हे वाक्य तिथे चालत नाही. कामावरची दुखापत असेल तर किती दिवस वर्गणी भरली याची अट नसते, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. फक्त अपघाताची नोंद कामावरची म्हणून व्हायला हवी. 'घरी गरम पाणी सांडलं' असं दवाखान्यात सांगायला लावतात, ते सांगू देऊ नका. आणि कारखान्यांच्या सुरक्षेच्या कायद्यात, ४८ तास किंवा जास्त काळ काम बंद पडेल अशा दुखापतीची सूचना फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे पाठवायची आहे. कातडी लावलेला पाय ४८ तासांत कामावर येत नाही. सूचना गेली का, एवढंच लेखी विचारा. बाकीचे आपोआप पळायला लागतात.

ईएसआय लागू नसेल तर कायद्याने मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. व्यक्तिगत संदेश करा, नमुना अर्ज पाठवतो.


कारखानदार_साधा

निवृत्त साहेबांचं आधी टोचलं. पण आज सकाळी स्वतः गॉगल घालून वॉशिंग एरियात उभा राहिलो. दोन मिनिटं. काही दिसलं नाही. दुसरे मागवतोय. पत्ता असेल तर द्या.


सायीचा_हिशोब (धागाकर्ता)

सव्वा महिन्याने धागा वर काढतोय, उशिराबद्दल माफ करा.

पंपाचा पार्ट आला, अपघातानंतर चौथ्या दिवशी. तीन आठवडे जो येत नव्हता तो. सीआयपी रूमच्या दाराशी सेफ्टी शॉवर आणि डोळे धुवायचा फवारा बसला. उद्घाटनाचे फोटो झाले. मी दुपारी बारा वाजता कोणी नसताना साखळी ओढून बघितली, तर पाणी हाताला सोसवेना. लाइन पत्र्यावरून आणली आहे, उन्हात तापते. अर्धा तास काय, अर्धं मिनिट कोणी खाली उभं राहणार नाही. तसं लिहून दिलंय, आता लाइन खालून घेतायत. पीपीईच्या (सुरक्षा साधनांच्या) कपाटाची किल्ली स्टोअरकीपर सहाला घरी घेऊन जायचा. कपाटाचं कुलूपच काढून टाकलं, त्यावर मात्र अजून वाद चालू आहे.

चहासाहेबांच्या अर्जाचा उपयोग झाला. नोंद कामावरची झाली, सूचना गेली, भत्ता सुरू झाला.

पोरगा परवा आला होता कागदावर सही करायला. पायात चप्पल, घोट्याला पट्टी, चालताना थोडा तिरका. चहा प्यायला, सगळ्यांना भेटला. जाताना म्हणाला, "साहेब, माझे गमबूट इथंच राहिले का?" मी म्हटलं, ते कशाला हवेत आता? तर म्हणतो, "ठेकेदारानं पगारातनं कापलेत ना त्याचे."


तात्या_पंप

किती?


सायीचा_हिशोब (धागाकर्ता)

साडेतीनशे.